यादीत नसलेली ओळ

आमच्या सांगलीकडं लग्न नेमकं कधी ठरतं, याचं उत्तर सोपं आहे. पाहण्याचा कार्यक्रम झाला म्हणजे ठरलं असं नाही. मुलामुलीनं होकार दिला म्हणजेही नाही. याद्या झाल्या की लग्न ठरलं. दोन्हीकडची दहा-पंधरा माणसं एका घरात बसतात, कोऱ्या कागदावर वरती 'श्री' लिहितात, हळदकुंकू वाहतात आणि एकेक कलम लिहायला घेतात. कार्यालय कुणी घ्यायचं, जेवणाचा खर्च कुणाकडं, मानाच्या साड्या किती, पोशाख किती, सोनं कुणी किती घालायचं, वाजंत्री, फोटो, व्हिडिओ. खाली दोन्हीकडच्या सह्या. कधी कधी बैठक इतकी छान जमते की त्याच दिवशी अक्षता टाकून मोकळे होतात. त्याला 'यादी पे शादी' म्हणतात.

माझ्या लग्नाची यादी दोन पानांची झाली. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते. सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर 'रिक्वायरमेंट' या शब्दाचा मला धसका आहे, पण इतकं बारकाईनं लिहिलेलं डॉक्युमेंट मी आमच्या ऑफिसातही पाहिलेलं नाही. मामांना टोपी की फेटा, यावर वीस मिनिटं चर्चा झाली. हळदीच्या दिवशी संध्याकाळचा चहा कुणाकडं, हेसुद्धा लिहिलं गेलं.

एक ओळ मात्र त्यात आली नाही. ती यावी असं मी आदल्या रात्री काकांना सांगितलं होतं. लग्नानंतरही मुलगी आईवडिलांच्या घराचा हप्ता भरत राहील, एवढंच. काका हसले. म्हणाले, "आगं, असलं यादीत लिवत्यात व्हय? लोकं म्हणतील पोरीच्या पगारावर घर चालतंय." पप्पा तिथंच बसले होते. ते काही बोलले नाहीत. उठून अंगणातला दिवा लावायला गेले.

पोरीच्या पगारावर घर चालतंय, ही आमच्या घरातली साधी वस्तुस्थिती आहे. पप्पांचं मोटर भरायचं दुकान आहे. विहिरीवरची, नदीवरची मोटर जळाली की शेतकरी ती गाडीवर टाकून आणतात. आतली जळालेली तार काढायची, नवी तांब्याची तार वेटोळ्यांनी भरायची, वार्निश मारायचं, वाळवायचं. डोळ्यांचं आणि बोटांचं काम. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा दुकान पाण्याखाली गेलं. पाणी उतरलं तेव्हा आत गुडघाभर चिखल होता आणि त्या चिखलात लोकांच्या भरायला आलेल्या मोटरी होत्या. त्या लोकांना पप्पांनी मोटरी भरून दिल्या, स्वतःच्या पैशातून. घराच्याही भिंती फुगल्या होत्या. घरावर कर्ज काढलं. मी त्याच वर्षी इंजिनीअर होऊन पुण्यात नोकरीला लागले होते. कर्जाच्या कागदावर पप्पांच्या खाली माझी सही आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यातून सतरा हजार पाचशे रुपये जातात. दुकान नंतर पुन्हा सुरू झालं, पण पप्पांचे डोळे आता बारीक तारेला साथ देत नाहीत. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही.

हे सगळं मी होणाऱ्या नवऱ्याला दुसऱ्याच फोनवर सांगितलं होतं. आमची ओळख मॅट्रिमोनी साइटवरची. तो नगरचा, नोकरी पुण्यातच. बाणेरच्या एका कॅफेत चाळीस मिनिटं भेटलो, मग फोन सुरू झाले. मी हप्त्याचं सांगितल्यावर तो म्हणाला, "चालेल की. त्यात काय." मला बरं वाटलं. पण 'त्यात काय' या दोन शब्दांत नेमकं काय काय बसतं, हे त्या वेळी त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

मग लग्न आलं आणि आम्हा दोघांना बोलायला वेळच उरला नाही. अतिशयोक्ती नाही करत. साखरपुड्यापासून लग्नापर्यंत रोज तासभर बोलायचो, पण विषय कुठले? बस्ता कधी बांधायचा, पत्रिकेत कुणाचं नाव राहिलं, केळवणाला कुणाकडं गेलो नाही तर कोण रुसेल. लग्नाच्या दिवशी पहाटे चारपासून मी तयार होत होते. हळद, घाणा, देवक, गौरीहर. अंतरपाटापलीकडं त्याचे फक्त पाय दिसत होते. त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती. तीनशे माणसं अक्षता टाकत होती आणि मी विचार करत होते, याला लागलं कधी? मला विचारावंसं वाटलं. पण भटजींच्या माइकपुढं ते शक्य नव्हतं. नंतर फोटोग्राफर म्हणाला, "वहिनी, सरांकडं बघा, प्रेमानं." त्या दिवसातला आमचा एकमेकांशी आलेला सर्वांत मोठा संबंध तो.

कायद्याच्या दृष्टीनं मी कधी बायको झाले, हेही मी नंतर शोधलं. सवय असते, प्रत्येक गोष्टीची व्याख्या बघायची. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम सांगतं की ज्यांच्या विधींमध्ये सप्तपदी आहे, त्यांचं लग्न सातवं पाऊल पडलं की पूर्ण होतं आणि बंधनकारक होतं. सहाव्या पावलापर्यंत नाही, सातव्याला हो. म्हणजे मी चुकून ज्या पावलाला शालूत अडकून धडपडले, तेच ते असावं.

घरी गेल्यावर माप ओलांडलं, लक्ष्मीपूजन झालं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याला अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायला सांगतात. सासूबाईंनी एक नाव सुचवून ठेवलं होतं. त्यानं तांदळात माझं आहे तेच नाव लिहिलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, विसरला वाटतं." तो म्हणाला, "नाही, लक्षात आहे." सासूबाई काही बोलल्या नाहीत. पेढे वाटायला घेतले. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस कमी बोलतो, पण वेळेवर बोलतो.

मग जेजुरी. नवं जोडपं खंडोबाला जायलाच हवं आणि नवऱ्यानं बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढायलाच हव्यात. त्यानं सात चढल्या. मागून त्याचे मित्र मोजत होते. भंडाऱ्यानं आम्ही दोघं पिवळे झालो होतो. मग सत्यनारायण, मग पाचपरतावणाला मी माहेरी. तिथं असतानाच पाच तारीख आली आणि बँकेचा मेसेज आला. आत्या शेजारीच बसली होती. तिनं विचारलं, "आता हे जावयाला विचारून करायचं हं." मी मेसेज बंद केला. पप्पांनी ऐकलं होतं, हे त्यांच्या जेवणावरून कळलं.

हनिमूनला लेहला जायचं त्यानं सुचवलं होतं. त्याच्या ग्रुपमधले सगळे मनालीला गेले होते, म्हणून मनाली नको. माझं म्हणणं एवढंच होतं की जिथं कुणाचा फोन येणार नाही तिथं जाऊ. ते बऱ्यापैकी जमलं, कारण लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं चालत नाहीत. त्याचं प्रीपेड होतं, माझं कंपनीचं पोस्टपेड. विमानातून उतरताच त्याचा फोन गप्प झाला. त्याच्या आईला मुलाशी बोलायचं असेल तर मला फोन करावा लागणार होता. या एका तांत्रिक गोष्टीनं आमच्या घरात जो फरक केला, तो कुठल्याही विधीनं केला नसता.

दिल्लीहून सकाळच्या विमानानं तासाभरात लेह येतं. हीच गंमत आणि हाच धोका. तासापूर्वी तुम्ही दिल्लीच्या उकाड्यात असता, आणि आता साधारण साडेतीन हजार मीटरवर. कळसूबाई, आपलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर आहे. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवलं तरी लेहच्या खालीच राहतं. लोक म्हणतात तिथं हवेत ऑक्सिजन कमी असतो. खरं तर प्रमाण तेवढंच असतं, २१ टक्क्यांच्या आसपास. कमी होतो तो हवेचा दाब. तो समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाइतकाच उरतो, म्हणून प्रत्येक श्वासात कमी ऑक्सिजन येतो. शरीर लगेच जोरजोरात श्वास घ्यायला लागतं. मूत्रपिंडं रक्तातला समतोल जुळवायला काही दिवस घेतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. या सगळ्याला घाई चालत नाही. तुम्ही किती फिट आहात, जिमला जाता का, याच्याशी फारसा संबंध नाही. आमच्या होमस्टेच्या मालकीणबाईंनी, ज्यांना सगळे आमा-ले म्हणत होते, दारातच सांगितलं: आज नुसतं झोपायचं. उद्याही जमलं तर नुसतं झोपायचं. पाणी प्यायचं, जिना हळू चढायचा. बोटाला ऑक्सिमीटर लावला. माझं ८९, त्याचं ८६. मी जिंकले.

आणि मग ते झालं, जे गेल्या पाच महिन्यांत झालं नव्हतं. आम्हाला दोघांना एका खोलीत बसवून सांगण्यात आलं की काहीही करू नका.

चांगस्पा भागातलं मातीच्या विटांचं घर. छताला पॉप्लरच्या तुळया आणि त्यांवर विलोच्या बारीक काड्या अंथरलेल्या. खिडकीतून स्टोक कांगरीचं बर्फ दिसत होतं. आम्ही पहिल्या दिवशी तुळया मोजल्या. अकरा होत्या. त्याच्या अंगठ्याला काय झालं होतं ते मी विचारलं. मांडवाच्या खांबाला ठेच लागली होती. लहानपणी तो तोतरं बोलायचा हे कळलं, म्हणून कमी बोलतो हेही कळलं. मला अंधारात झोप लागत नाही हे त्याला कळलं. डोकं दुखत होतं, भूक नव्हती, सूप पीत पडून राहिलो. सिनेमातल्या हनिमूनसारखं काहीही नव्हतं. दोन आजारी माणसं एका दुलईत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "परत गेल्यावर फ्लॅटचं बघायला लागेल. मी शीट केलीय." फोनवर नेटवर्क नव्हतं, पण शीट होती. रावेतला थ्री बीएचके. आमचे दोघांचे पगार, हप्ता, व्याजदर, सगळं नीट. माझ्या रकान्यात माझा पूर्ण पगार होता.

मी म्हटलं, "यातून सतरा हजार पाचशे वजा कर."

"ते अजून किती दिवस?"

"तीन वर्षं चार महिने."

"आणि मग?"

"मग हप्ता संपेल. पप्पा-मम्मी संपणार नाहीत."

तो शीटकडं बघत राहिला. "तुझं नाव त्या कर्जावर आहे म्हटल्यावर बँकही तेवढं कमी धरणार. मग थ्री बीएचके बसत नाही."

"नाही बसत."

"तिसरी बेडरूम आई-बाबांसाठी धरली होती."

"माहितीय. माझ्या आई-वडिलांसाठी कुठली धरलीयस?"

मी टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं. पण बोलून झाल्यावर खोलीत जी शांतता पसरली, ती मी आजपर्यंत विसरलेली नाही. तो कूस बदलून भिंतीकडं तोंड करून झोपला. पुण्यात असतो तर त्यानं गाडी काढून चक्कर मारली असती. मी मैत्रिणीला फोन लावला असता. इथं दोघांनाही जिना चढला तरी धाप लागत होती. आवाज चढवायचा तर त्यालाही श्वास लागतो, आणि तो आमच्याकडं नव्हता. आम्हाला तिथंच, त्याच दुलईत, त्या प्रश्नाशेजारी पडून राहावं लागलं.

रात्री मला जाग आली. बाजूला त्याचा श्वास थांबला होता. मी उठून बसले. एक, दोन, तीन... पंधरापर्यंत मोजलं, आणि मग एकदम खोल श्वास आला, मग भराभर चार-पाच, मग हळूहळू मंद, आणि पुन्हा थांबला. मी याबद्दल वाचलं होतं. उंचीवर झोपेत असं होतं. जोरात श्वास घेऊन रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घे असं मेंदूला प्रामुख्यानं तोच सांगत असतो. तो कमी झाला की मेंदू थोडा वेळ गप्प बसतो. घाबरण्यासारखं नसतं. वाचलेलं सगळं आठवत होतं आणि तरी प्रत्येक वेळी तो थांबला की माझ्या पोटात गोळा येत होता. याच्यावर मी दुपारपासून चिडलेली होते. याला मी जेमतेम आठ महिने ओळखत होते. आणि आत्ता या खोलीत याचा श्वास परत यावा, एवढंच मला हवं होतं. प्रेम वगैरे शब्द मी वापरणार नाही. सातव्या पावलाला कायद्यानं जे झालं, ते माझ्या बाजूनं बहुतेक त्या रात्री झालं.

सकाळी तो म्हणाला, "रात्री तुझा श्वास थांबत होता. एकदा बारा सेकंद. मी मोजत होतो."

"तुझा पंधरा."

हसलो. हसल्यावर डोकं दुखलं.

तिसऱ्या दिवशी बागेपर्यंत जायची परवानगी मिळाली. आमा-ले फावड्यानं मातीचा एक ढेकूळ बाजूला करून पाटाचं पाणी बार्लीच्या वाफ्यात घेत होत्या. तिथं पाऊस नावालाच पडतो. शेती सगळी वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर, आणि ते पाणी पाळीनं मिळतं. पाळी कुणाची हे बघायला गावात चुरपोन नावाचा माणूस नेमतात. आम्हा दोघांनाही हे समजावून सांगावं लागलं नाही. सांगलीत काय आणि नगरला काय, पाण्याची पाळी म्हणजे रात्री दोनला बॅटरी घेऊन जाणं. नवऱ्यानं त्यांच्या हातातलं फावडं घेतलं आणि दोन मिनिटांत धापा टाकत परत दिलं.

चहा पिताना मी विचारलं, घर तुमच्या सासऱ्यांचं का? त्या म्हणाल्या, नाही, माझ्या वडिलांचं. आम्ही तीन बहिणी, भाऊ नव्हता. मी थोरली, म्हणून मी राहिले आणि नवरा आमच्या घरी आला. त्याला मग्पा म्हणतात. त्याच्या गावचे लोकही आता त्याला आमच्याच घराच्या नावानं ओळखतात.

माझ्या नवऱ्यानं विचारलं, "लोक हसत नाहीत?"

त्यांना प्रश्न नीट कळला नाही. म्हणाल्या, हसायचं काय? घराला माणूस हवं होतं.

आपल्याकडं त्याला घरजावई म्हणतात आणि तो शब्द उच्चारतानाच ओठ वाकडे होतात. मला आमा-लेंच्या व्यवस्थेचं गोडवं गायचं नाही. त्यांनीच पुढं सांगितलं की भाऊ असता तर मलाही दुसऱ्या घरी जावं लागलं असतं. लडाखमध्ये पूर्वी भावाभावांत मिळून एक बायको करायची पद्धत होती, जमीन आणि पाणी वाटलं जाऊ नये म्हणून. १९४१ मध्ये कायद्यानं ती बंद केली. म्हणजे तिथंही नियम घराच्या सोयीनंच बनले, बाईच्या नव्हे. पण मला त्यातून एक गोष्ट कळली. मुलीनं आईबापाचं बघणं किंवा जावयानं त्यांच्या घरात राहणं हे कुठंतरी इतकं साधं असू शकतं की त्यावर हसायचं कसं हेच लोकांना माहीत नसतं. आणि आमच्याकडं त्याची एक ओळ लिहायलाही लाज वाटते.

खोलीत आल्यावर त्यानं परत शीट उघडली. मी मान वाकडी करून बघितलं. खर्चाच्या रकान्यात एक ओळ होती: घर, १२,०००.

"हे काय?"

"आई-बाबांना देतो ते."

त्याच्या वडिलांना पेन्शन अगदी थोडी आहे. तो नोकरीला लागल्यापासून दर महिन्याला बारा हजार पाठवतो. हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. आमच्या याद्यांच्या बैठकीतही कुणी विचारलं नव्हतं, मुलगा लग्नानंतर घरी पैसे देत राहणार का? तो देणारच. ती जगाची रीत आहे, तिला कलम लागत नाही.

"मग माझ्या ओळीला काय नाव देशील?" मी विचारलं.

तो बराच वेळ स्क्रीनवर अंगठा ठेवून बसला. मग त्यानं खाली एक नवी ओळ घातली: घर २, १७,५००. मग वर जाऊन पहिल्या ओळीला 'घर १' केलं. थोड्या वेळानं म्हणाला, "एक-दोन नको वाटतं. नगर आणि सांगली करू." तसं केलं. बेरीज बदलली. थ्री बीएचकेचा टू बीएचके झाला. "आईला मी सांगतो," तो म्हणाला.

सांगितलं त्याच संध्याकाळी, माझ्याच फोनवरून. मी बाहेर जाऊन उभी राहिले. दहा मिनिटांनी त्यानं फोन आणून दिला. "काय म्हणाल्या?" "बघू म्हणाली." मराठी घरात 'बघू'चे किती अर्थ होतात, हे इथं वाचणाऱ्यांना सांगायला नको.

नंतर आम्ही नुब्राला गेलो. खारदुंग ला ओलांडून. तिथल्या पाटीवर अनेक वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. जीपीएसनं मोजलं तर ती खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास भरते. सगळ्यांना पाटीसोबतच फोटो हवा असतो. आम्हीही काढला. हुंडरच्या वाळूत दोन मदारींचे उंट बघितले, जुन्या यारकंदच्या व्यापारी वाटेवरच्या उंटांचे वंशज. तिथं डोंबिवलीचा एक मोठा ग्रुप भेटला. माझ्या हातातला हिरवा चुडा बघून एका काकूंनी दुरूनच विचारलं, "नवीनच ना गं? कुठले तुम्ही?" मी म्हटलं सांगली. तो म्हणाला नगर. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता तू नगरची." नवरा म्हणाला, "दोन्हीकडची." काकूंनी आम्हाला चिवडा दिला.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की प्रश्न सुटला. तसा तो सुटलेला नाही. टू बीएचके बुक केला आहे. सासू-सासरे आले की आम्ही हॉलमध्ये झोपणार, आणि मम्मी-पप्पा आले तरी हॉलमध्येच झोपणार, असं ठरलं आहे. मम्मी-पप्पा अजून आलेले नाहीत. मुलीच्या घरी किती दिवस राहायचं याचा त्यांचा हिशेब माझ्या शीटमध्ये बसत नाही. सासूबाई अजून त्या विषयावर थेट बोलत नाहीत. पण मागच्या आठवड्यात फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "तुझ्या वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधीचं ठरलं?" मी त्यांना सांगितलं नव्हतं, म्हणजे त्यानंच सांगितलं असणार.

परत आल्यावर मी कायदाही बघितला. १९८७ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की गरजू आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही असते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही 'अपत्य' म्हटलं की मुलगा आणि मुलगी दोघंही येतात. माझ्या जन्माच्या आधीपासून जे न्यायालयाला माहीत होतं, ते आमच्या बैठकीतल्या पंधरा माणसांना लिहिता आलं नाही. मी काकांना हे फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आता तू शिकलेली, तुला कोण बोलणार." पण त्यात पूर्वीचं हसू नव्हतं.

आता धाकट्या बहिणीचा बायोडेटा करायचं चाललंय. पप्पांनी सायबर कॅफेतून जुना नमुना आणला आहे, वर गणपती, खाली मामांची नावं. 'अपेक्षा' या रकान्यात नेहमीचं असतं: सुशिक्षित, निर्व्यसनी, नोकरदार. तिनं त्याखाली स्वतःच एक ओळ टाइप केली: लग्नानंतरही आई-वडिलांची आर्थिक जबाबदारी मी घेणार आहे.

पप्पांनी चष्मा वर करून ती वाचली. म्हणाले, "असं लिहिलं तर स्थळं येणार नाहीत."

ती म्हणाली, "न येणारी आत्ताच कळतील. बरंच झालं की."

पप्पांनी ओळ खोडायला सांगितली नाही. फक्त म्हणाले, "'आर्थिक'मधला रफार नीट दे."